रेडिएटर नवा, पाणी पुरेपूर, तरी गाडी तापतेच: घरी बांधलेल्या 'सेव्हन'मधली हवा कशी काढली

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीला हाच आजार आहे का ते लगेच कळेल. इंजिन सुरू केल्यावर दहा-बारा मिनिटं तापमानाचा काटा मध्यावर शहाण्यासारखा बसतो. मग एका दमात लाल पट्टीकडे झेप घेतो. घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की तितक्याच झटक्यात खाली येतो, कधी तर पार गार इंजिनाच्या खुणेपर्यंत. इंजिन बंद केल्यावर आतून गुरगुर ऐकू येते आणि मिनिटभरात रिकव्हरी बाटली (रेडिएटरमधून बाहेर पडणारं पाणी धरणारी) भरून वाहते. गाडी गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं की लिटर-सव्वा लिटर पाणी सहज मावतं. भरायचं, चालवायची, पुन्हा तेच. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत माझ्याकडे हे सहा वेळा झालं, आणि पहिल्या चार वेळा मी भलत्याच जागी पैसे घातले.

गाडी लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर बांधलेली आहे. मूळ गाडी कॉलिन चॅपमनने १९५७ साली आणली, १९७३ पासून केटरहॅम तोच आकार बनवते, आणि जगभरचे हौशी लोक त्याच्या नकला चौकोनी पाईप वेल्ड करून घरी बनवतात. माझ्या चासीचे पाईप कुपवाडचे, इंजिन भंगारातल्या जिप्सीचं, १२९८ सीसी एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनवालं. ट्रान्सफर केस (चारही चाकांना जोर वाटणारी पेटी) काढून टाकली, जोर फक्त मागच्या चाकांना. नोंदणी नाही, त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर मी ती नेत नाही. भिलवडीच्या अलीकडचा आमचा मळा आणि एका परिचिताच्या बंद सूतगिरणीचं आवार, एवढंच तिचं जग. पण मे महिन्यात गिरणीच्या आवारात दुसऱ्या गिअरवर वीस फेऱ्या मारणं ही कुलिंगची कसोटी घाटापेक्षा कमी नाही, हे स्वतः करून बघितल्याशिवाय पटणार नाही.

पहिल्यांदा पाणी उकळलं तेव्हा मी रेडिएटरलाच दोष दिला. जुनी जाळी होती, अर्धी चोक असणार, म्हणून मिरजेत नेऊन कोअर, म्हणजे ती जाळीच, बदलून घेतला. फरक शून्य. दुसऱ्यांदा एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) काढून टाकायला सांगितलं. आपल्याकडे हा सल्ला चहाबरोबर फुकट मिळतो. काढला. आता सकाळी इंजिन तापेचना, पेट्रोल जास्त पिऊ लागलं, कारण ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन अजून गारच आहे. आणि अर्ध्या तासाने उकळायचं ते उकळलंच. तिसऱ्यांदा मोठा पंखा बसवला. चौथ्यांदा झाकण बदललं. झाकण खरंच खराब निघालं, म्हणून तो खर्च वाया गेला असं नाही. आपल्या सांगलीच्या उंचीवर पाणी उघड्यावर साधारण ९८ अंशांना उकळतं. ०.९ बार दाब धरणारं झाकण नीट बसलं तर साधं पाणीसुद्धा ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर ही वीस अंशांची पुंजी तुमच्या हातात नाही. पण माझा आजार झाकणाचा नव्हता.

खरं निदान तात्यांनी केलं. तात्या म्हणजे माझे काका. त्यांनी आयुष्यात गाडी चालवलेली नाही, पण नदीवरची मोटर चाळीस वर्षं सांभाळली. मी शेडमध्ये घामाने भिजून बाटलीत पाणी ओतत होतो, ते बांधावरून आले, इंजिनाची गुरगुर ऐकली आणि म्हणाले, "आरं, हिनं हवा धरल्या."

मी म्हटलं, "तात्या, पाणी काठोकाठ भरलंय."

"मोटरीतबी काठोकाठ भरतोय की आपण. पण फूट व्हॉल्व्ह गळत असला, न्हायतर पायपाला कुठं उंचवटा असला, की हवा बसती आणि मोटर नुसती घोंगावती. तुझ्या गाडीतली हवा जाणार कुठनं, ते सांग."

मला सांगता आलं नाही. (फूट व्हॉल्व्ह म्हणजे पाईपच्या पाण्यातल्या टोकाची, पाणी परत जाऊ न देणारी झडप.)

आपल्या भागात ताकारी, टेंभू, म्हैसाळच्या उपसा योजनांच्या पाईपलाईनी सगळ्यांनी पाहिल्यात. लाईन टेकाड चढून उतरते तिथे बरोबर माथ्यावर एअर व्हॉल्व्ह असतो. पाणी सोडलं की आधी तो फुसफुसतो. तो नसेल तर माथ्यावर हवेचा फुगा अडकतो आणि पुढे पाणी धड जात नाही. गाडीचं कुलिंग म्हणजे तीच लाईन, फक्त गोल फिरून परत येणारी. पंप तोच, सेंट्रिफ्युगल. त्याच्या पंख्याला हवा ढकलता येत नाही.

साध्या गाडीत हा प्रश्न सहसा येत नाही, कारण तिथे रेडिएटर उंच उभा असतो आणि त्याचं झाकण जवळपास सगळ्यात उंच जागी असतं. पाणी भरताना हवा आपोआप तिथून निघते. सेव्हनचं नाक खाली झुकलेलं. जिप्सीचा उभा रेडिएटर त्यात मावतच नाही, म्हणून बुटका, आडवा बनवून घेतलेला. मी गवंड्याची लेव्हलची नळी घेतली आणि मोजलं. गाडी सपाट फरशीवर, नळीचं एक टोक रेडिएटरच्या झाकणापाशी, दुसरं थर्मोस्टॅटच्या घरापाशी. झाकण नऊ सेंटिमीटर खाली! मी चार महिने टाकीच्या तळाशी बसून टाकी भरत होतो म्हणा ना. झाकणापर्यंत पाणी आलं तरी त्याच्या वर हेडचा (इंजिनाच्या सिलिंडरवरच्या भागाचा) माथा, थर्मोस्टॅट आणि वरच्या होजची कमान कोरडीच राहत होती.

झटक्यात पडणाऱ्या काट्याचा अर्थही इथेच लागतो. सहा लिटर पाणी पाच सेकंदात वीस अंशांनी गार होत नाही. सेन्सरभोवतीचं पाणी निघून गेलं, हवा आली, आणि हवा सेन्सरला उष्णता नीट पोचवत नाही, म्हणून काटा पडतो. काटा खाली आला की आपल्याला हायसं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच हेड कोरडं भाजत असतं. असा काटा दिसला तर पुढची फेरी नको, तिथेच इंजिन बंद करा.

हेच निदान पक्कं करायला मी इन्फ्रारेड थर्मामीटर वापरला. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खोटं वाचतो, कमी दाखवतो. मोजायच्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर नेम धरा. इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा वरचा होज ९७ अंश, परत येणारा खालचा ६४. म्हणजे रेडिएटर आपलं काम चोख करत होता, त्यातून जाणारं पाणीच थोडं होतं. दोन्ही होज जवळपास सारखेच तापलेले असते तर उलटा निष्कर्ष काढला असता: पाणी फिरतंय, पण जाळीला बाहेरचा वारा लागत नाही. हे दोन आकडे मी पहिल्या दिवशी घेतले असते तर नवा कोअर आणि मोठा पंखा दोन्ही वाचले असते.

एक शंका आधी फेडून घ्यावी लागते. हवा आत येतेय कुठून? हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतो आणि तुम्ही कितीही हवा काढा, ती पुन्हा तयार होते. गार इंजिनाचं झाकण काढून सुरू करा. पहिल्या मिनिटात थोडे बुडबुडे आले आणि थांबले तर अडकलेली हवा. सतत बारीक बुडबुड्यांची रांग लागली, ॲक्सिलरेटर दिला की वाढली, तर गॅस्केट. खात्रीसाठी गॅस तपासायचं निळं द्रव मिळतं, टाकीच्या तोंडावरची हवा त्यातून ओढायची. ज्वलनाचा गॅस असेल तर ते पिवळं पडतं. माझं निळंच राहिलं. सहा वेळा उकळूनही हेड वाचलं, हे माझं नशीब, हुशारी नव्हे.

दुसरी चोरवाट रिकव्हरी बाटलीची. इंजिन गार होताना पाणी आकसतं आणि झाकणातली छोटी झडप बाटलीतून पाणी परत ओढते. माझ्या बाटलीतली नळी अर्ध्यावरच संपत होती. बाटलीत पाणी कमी झालं की ती दर रात्री पाण्याऐवजी हवा ओढायची. म्हणजे मी दिवसा हवा काढत होतो आणि गाडी रात्री परत भरून घेत होती. नळी बाटलीच्या तळापर्यंत बुडलेली हवी. पाच रुपयांच्या नळीचा हा मामला.

आता इलाज.

सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे नाक वर करून भरणं. गाडीची पुढची चाकं बांधावर चढवली, झाकण थर्मोस्टॅटच्या वर आलं, भरलं. त्या दिवशी गाडी सुंदर चालली. पण पाण्यात राहिलेले बारीक बुडबुडे हळूहळू पुन्हा माथ्यावरच गोळा होतात, आणि तिथून बाहेर पडायला त्यांना दार नाही. आठवड्याने सहाव्यांदा उकळली. ही युक्ती भरण्यापुरती ठीक आहे, त्यापुढे तिचा भरवसा धरू नका.

दार म्हणजे हेडर टँक, सगळ्यात उंच बसवलेली पाण्याची टाकी. दीड लिटरची ॲल्युमिनियमची टाकी करून घेतली आणि फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर) अशी बसवली की तिचा तळसुद्धा थर्मोस्टॅटच्या घराच्या वर राहील. बॉनेट लागतं का ते आधी पुठ्ठ्याच्या टाकीने बघा. माझी पहिली टाकी बॉनेटला दोन सेंटिमीटरने अडली आणि वेल्डरकडे परत गेली. दाबाचं झाकण आता या टाकीवर. रेडिएटरच्या तोंडावर झडप नसलेलं साधं बंद झाकण. दोन ठिकाणी दाबाची झाकणं ठेवलीत तर कमकुवत असेल ते आधी उघडेल आणि तुम्ही चुकीच्या झाकणावर संशय घ्याल.

टाकीला तीन जोडण्या. थर्मोस्टॅटच्या घराच्या माथ्यावरून एक बारीक नळी, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून दुसरी, दोन्ही टाकीच्या वरच्या भागात येतात. या हवेच्या नळ्या. आतून सहा मिलिमीटर पुरेत, आणि तोंडाशी दोन-अडीच मिलिमीटरचं छिद्र असलेली अडवणूक घाला. नळी जाड ठेवली तर गरम पाणी रेडिएटर चुकवून टाकीतूनच गोल फिरत बसेल. तिसरी जोडणी टाकीच्या तळातून, १९ मिलिमीटरचा होज, थेट पंपाच्या सक्शनकडच्या पाईपमध्ये टी मारून. ती जाडच हवी. तात्यांच्या भाषेत हा 'भरणाऱ्या बादलीचा' पाईप. त्याचं काम दुहेरी आहे: निघालेल्या हवेच्या जागी पाणी देणं, आणि झाकणाखालचा दाब पंपाच्या तोंडाशी पोचवणं. उकळीच्या जवळ आलेलं पाणी पंप ओढतो तेव्हा तोंडाशी दाब कमी होऊन तिथेच वाफ धरू शकते. नदीवरच्या मोटरीची सक्शन जास्त लांब किंवा उंच झाली की जे होतं, तेच.

हवेच्या नळ्यांचा रस्ता सतत चढता हवा. मी पहिल्यांदा रेडिएटरची नळी चासीच्या पाईपखालून वळवली, दिसायला नीटनेटकं म्हणून. खाली उतरून पुन्हा चढणाऱ्या नळीत पाणी साचतं आणि हवा तिथे थबकते. ती सोडून सरळ वर घेतली. वरच्या मोठ्या होजचंही तसंच: कमान नको, आणि टाळता येत नसेल तर कमानीच्या माथ्यावर हवेचा स्क्रू हवा. जिप्सीच्या हीटरची दोन तोंडं या गाडीत उगाच असतात. ती रबरी बुच मारून बंद करू नका, आखूड होजने एकमेकांना जोडा. बुच कधी सुटेल सांगता येत नाही.

टाकी किती भरायची? पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं असेल तर गार ते गरम होताना ते पाच-सहा टक्के फुगतं. माझ्या सहा लिटरमागे साडेतीनशे मिलिलिटर धरा. म्हणून टाकीचा वरचा एक तृतीयांश भाग रिकामा. त्यापेक्षा जास्त भराल तर गाडी जास्तीचं पाणी बाटलीत फेकेल आणि तुम्हाला वाटेल जुना आजार परत आला.

भरण्याची पद्धत: गाडीचं नाक थोडं वर, रेडिएटरच्या कोपऱ्यातली हवेची नळी सैल, टाकीतून बारीक धारेने ओतायचं. नळीतून बुडबुड्यांशिवाय सलग पाणी आलं की नळी बसवायची. मग थर्मोस्टॅटकडची. मध्ये मध्ये खालचा आणि वरचा होज हाताने दाबत राहायचं, गाईचं दूध काढतात तसं. आतली हवा टाकीत बुडबुडत येते. मग झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करायचं, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत. तो उघडला हे खालचा होज एकदम गरम झाल्यावर कळतं, आणि टाकीची पातळी थोडी बसते. तेवढं भरून झाकण लावायचं. थर्मोस्टॅट परत बसवताना त्याच्या पत्र्यावरची छोटी हलती पिन वरच्या बाजूला यायला हवी. तीही एक हवेची खिडकीच आहे. आणि गरम इंजिनाचं झाकण कितीही घाई असली तरी उघडायचं नाही. माझ्या मनगटावरचा डाग दुसऱ्या वेळच्या उकळीचा आहे.

यानंतर आकडे बदलले. वरचा होज ८८, खालचा ७९, काटा दगडासारखा स्थिर. पण विसाव्या फेरीला तो पुन्हा हळूहळू चढू लागला. झेप घेत नव्हता, सावकाश चढत होता. म्हणजे हवेचं भूत गेलं आणि त्याच्यामागे लपलेला दुसरा दोष दिसू लागला.

नाकाच्या तोंडातून आलेला वारा रेडिएटरमधून जाईल असं आपण गृहीत धरतो. वारा आळशी आहे. बाजूला सहा सेंटिमीटरची फट असेल तर तो जाळीत कशाला घुसेल? रेडिएटरच्या चारी बाजूंनी नाकाच्या पत्र्यापर्यंत एक मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या भिंती उभ्या केल्या, कडांना दाराला लावतात ती स्पंज रबरची पट्टी. नाकाचं तोंड जाळीच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक तृतीयांश असलं तरी चालतं, पण आत आलेला सगळा वारा जाळीतूनच गेला पाहिजे. आणि बाहेर पडायलाही वाट हवी: बॉनेटच्या दोन्ही बाजूंना चिरा पाडल्या. यावर माझा अर्धा दिवस आणि थोडासा पत्रा गेला, आणि फरक मोठ्या पंख्यापेक्षा जास्त पडला.

मोठ्या पंख्याची कथा सांगायची लाज वाटते, तरी सांगतो. जिप्सीत पंखा बेल्टवर फिरतो. तो काढून मी रेडिएटरच्या मागे, इंजिनाकडून ओढणारा इलेक्ट्रिक पंखा लावला होता. वायरिंग मी स्वतः केलं आणि दोन तारा उलट्या जोडल्या. पंखा फिरत होता, आवाज करत होता, आणि इंजिनाचा गरम वारा पुढे फेकत होता. गाडी चालताना समोरून येणाऱ्या वाऱ्याशी त्याची कुस्ती. तपासणी सोपी: पंखा चालू असताना जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. चिकटला पाहिजे. माझा उडून तात्यांच्या पायाशी गेला. तारा बदलल्या, रिले, म्हणजे पंख्याचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावला (त्याच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीवरून फ्यूजमधून, ८७ वरून पंखा), आणि चासीला अर्थ घेताना पावडर कोटिंग खरवडून उघड्या लोखंडावर घेतला. रंगावर घेतलेला अर्थ हा घरी बांधलेल्या गाड्यांचा आवडता दोष आहे.

फिनिशिंगबद्दल काही गोष्टी, कारण त्यांनीही मला त्रास दिला. ॲल्युमिनियमचा रेडिएटर लोखंडी पट्टीवर सरळ बोल्टने आवळू नका, चासीच्या थरथराटाने त्याचे वेल्ड तडकतात. वर-खाली रबरी बुश घाला, रेडिएटर किंचित हलता राहू द्या. जाळीला जाड रंगाचे थर नकोत. काळा हवाच असेल तर अगदी पातळ फवारा. वाकवून घेतलेल्या पाईपच्या टोकाला कड उठवून घ्या, नाहीतर दाब आल्यावर होज क्लॅम्पसकट सरकून येतो. सक्शनचा म्हणजे खालचा होज दाबून बघा: गरम असताना मऊ पडून आत बसत असेल तर पंप त्याला चपटा करतो. जास्त आरपीएमवरच गाडी तापते अशी तक्रार असेल तर आधी हाच होज बघा. आत स्प्रिंग असलेला घ्या.

आणि पाणी. क्षारपड जमिनीच्या गावात राहून बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालणं मी कधीच बंद करायला हवं होतं. घागरीच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच हेडच्या बारीक वाटांत बसतो. आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. कूलंट एकाच प्रकारचा ठेवा. नुसता रंग जुळला म्हणून दुसरा ओतू नका, रंगाचा कुठलाही ठराविक नियम नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, गिरणीत तीस फेऱ्या मारल्या. काटा मध्यावर. पंखा दर दोन फेऱ्यांनी लागतो आणि बंद होतो. टाकीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली होती. तीन आठवड्यांनी पाणी रेघेच्या दोन मिलिमीटर खाली मिळालं. शोधलं, तर टी-जवळच्या एका क्लॅम्पखाली हिरवट ओल. होज पहिल्या काही तापण्यांनंतर बसतो, म्हणून सगळे क्लॅम्प गार असताना पुन्हा अर्धा-अर्धा फेरा आवळले. तात्या बाजूला उभे होते. म्हणाले, "आता त्यो पाना घेऊन नदीवर ये. आपल्या मोटरीचा फूट व्हॉल्व्ह गळतोय."